दुरुस्त केलेले निरोप

प्राणिसंग्रहालयाला जाण्याची गोष्ट पहिल्यांदा भुंगीने काढली. पुढे जो घोळ झाला, त्यात एवढी एकच बाब शेवटपर्यंत निर्विवाद राहिली.

भुंगी आठ वर्षांची. जेवताना, दात घासताना, गणिते सोडवताना ती तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत असे, म्हणून हे नाव तिला चिकटले होते. त्या रविवारी सकाळी काकाचा हात धरून आईच्या घरून बाबांच्या घरी येताना तिची गुणगुण अचानक थांबली.

"काका, प्राणी बघायला जाऊ या. तिथं साळिंदर आलंय नवीन. आमच्या वर्गात मी एकटीच राहिलेय बघायची."

"जाऊ की."

"सगळे जाऊ. आजी, तू, बाबा आणि आई."

"सगळे?"

"सगळे म्हणजे सगळे," ती म्हणाली आणि पुन्हा गुणगुणू लागली.

काका मात्र पुढचा सगळा रस्ता त्या 'सगळे'चाच विचार करत होता. आठ महिन्यांपूर्वी वहिनी, म्हणजे भुंगीची आई, तिला घेऊन घरातून निघून गेल्या होत्या. चष्म्याच्या ज्या दुकानात त्या डोळे तपासत, त्याच्या मागच्या गल्लीत त्यांनी दोन खोल्या घेतल्या. कारण परक्याला सांगावे तर क्षुल्लक वाटेल. त्यांचे वडील आजारी पडले तेव्हा दादा दोन दिवस उशिरा पोहोचला. लिफ्ट दुरुस्त करणे हे त्याचे काम, आणि एका इस्पितळाची लिफ्ट नेमकी त्याच वेळी अडकली होती. तेवढेच सांगितले असते तर वहिनींनी समजून घेतले असते. पण दादा दारातच म्हणाला, "दोन दिवस उशीर झाला म्हणून काय बिघडलं? ते कुठं पळून जाणार होते?" त्या दोन दिवसांत वडिलांची वाचा गेली होती. 'ज्यांनी बोलायला हवं होतं त्यांची वाचा गेली, आणि ज्यांनी बोलायला नको होतं त्यांची शाबूत राहिली,' असे वहिनी पुढे एकदा, एकदाच, म्हणाल्या.

जाताना त्यांनी उंबऱ्यातून सांगितले होते, "यापुढे मला काही सांगायचं असेल तर भाऊजींकडून सांगा. तुमचा आवाज मला नको."

आणि तेव्हापासून दर रविवारी भुंगीला आणायला नि पोहोचवायला जाणारा काका दोन घरांमधला टपालवाला झाला.

हा टपालवाला मोठा विचित्र होता. पेशाने तो मुद्रितशोधक. एका छापखान्याच्या मागच्या खोलीत, उत्तरेकडच्या खिडकीखाली बसून तो दिवसभर दुसऱ्यांची वाक्ये तपासत असे. औषधांची माहितीपत्रके, शाळांचे अहवाल, लग्नाच्या पत्रिका, निधनवार्ता, सारे त्याच्या लाल पेनाखालून जाई. उंच, बारीक आणि मानेपाशी थोडा वाकलेला असल्यामुळे दादा त्याला लहानपणापासून 'वेलांटी' म्हणे. चारचौघांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. पण चुकीचे वाक्य समोर आले की त्याच्या जिवाची जी तगमग होई, ती एखाद्याचा पाय दाराच्या फटीत चेंगरताना पाहून व्हावी तशी असे.

पहिल्याच आठवड्यात दादा म्हणाला, "तिला म्हणावं, पोरीचा स्वेटर इथंच टाकून गेलीस. डोकं ठिकाणावर असतं की नाही?" रस्त्याने जाताना ते वाक्य काकाच्या मनात खड्यासारखे टोचू लागले. दारात पोहोचल्यावर त्याने स्वेटर पुढे केला आणि त्याच्या तोंडून निघाले, "दादानं आठवणीनं पाठवलाय." खोटे असे त्यात काय होते? आठवण झाली होती, पाठवलाही होता. त्याने फक्त एक शेपूट छाटले होते. वहिनींनी स्वेटर हातात घेतला, दोनदा झटकला आणि म्हणाल्या, "सांगा त्यांना, आठवण यायला बरेच दिवस लागले." परतीच्या वाटेवर तेही वाक्य सुधारले गेले आणि दादापर्यंत पोहोचले ते असे: "वहिनींनी आभार मानलेत."

हा त्याचा प्रघात पडला. छापखान्यात एक रीत असते: दुरुस्त्या होऊन अंतिम प्रत छापली गेली, की लाल खुणांनी भरलेले जुने कागद रद्दीच्या पोत्यात जातात. मूळ चूक काय होती, हे कोणी जपून ठेवत नाही. त्याच्या मनालाही अकरा वर्षांच्या नोकरीने तेच वळण लागले होते. एकदा वाक्य सुधारून पोहोचते केले, की मूळचे वाक्य पुसले जाई. आठ महिन्यांनंतर त्याच्याजवळ दोन माणसांच्या सौम्य, समंजस, किंचित उदास अशा संभाषणाची एक लांबलचक स्वच्छ प्रत तेवढी उरली होती. ती कधी कधी तो स्वतःशीच वाचत बसे, आणि त्याला वाटे, इतकी गोड बोलणारी माणसे वेगळी राहतात तरी कशासाठी?

तर त्या रविवारी जेवताना भुंगीने साळिंदराची गोष्ट सर्वांपुढे ठेवली. आई, म्हणजे भुंगीची आजी, भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "घरात एवढी जनावरं पोसलीत मी, आणखी तिकीट काढून कशाला बघायची? बरं, जायचंच असेल तर तिथं बाकं आहेत का ते आधी विचारा. दर वीस पावलांवर बाक लागतं मला."

"आईपण येणार," भुंगीने जाहीर केले.

सर्वांचे हात थबकले. दादाने पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि भिंतीकडे पाहत म्हणाला, "यायचं तर येऊ दे. मी काय फाटकावर आडवा पडणार आहे?"

संध्याकाळी भुंगीला पोहोचवताना काका वहिनींच्या दारात उभा राहिला. भुंगी आत बूट काढत होती. त्याने घसा साफ केला.

"सगळे प्राणिसंग्रहालयाला जायचं म्हणतायत. आणि... दादाचा आग्रह आहे की तुम्हीही यावं."

वहिनींचा हात कडीवर होता, तो तिथेच राहिला. "आग्रह?"

"हो."

"त्यांचा?"

"हो."

त्यांनी कडी सरकवून पुन्हा लावली. मग म्हणाल्या, "त्यांची मर्जी सांभाळायला मी बसलेली नाही. पण पोरीसाठी बघते काय जमतं ते."

घरी दादा दाढीचा फेस गालाला लावून आरशासमोर उभा होता. रविवारी संध्याकाळी तो कधी दाढी करत नसे. आरशातूनच त्याने विचारले, "काय म्हणाली?"

"म्हणाल्या, तुझ्या सोयीनं ठरव. त्या जुळवून घेतील."

"माझ्या सोयीनं?" दादाच्या हातातला वस्तरा गालावर थांबला. "तिनं असं म्हटलं?"

"हो."

"बरंच बदललंय की माणूस," दादा हळूच म्हणाला, आणि हनुवटीपाशी त्याने स्वतःला कापून घेतले.

त्यानंतरचा आठवडा आराखड्यांत गेला. पंधरा दिवसांनंतरचा रविवार ठरला, आणि त्याच्या तयारीचे काम साहजिकच काकाकडे आले. छापखान्यातून कोरे कागद आणून त्याने सुवाच्य अक्षरात पहिला आराखडा केला. दादाला सकाळी सातलाच निघायचे होते, कारण 'उन्हात वाघ झोपतो, मग काय शेपटी बघायची?' वहिनी म्हणाल्या, सुट्टीच्या एकाच दिवशी सातला उठणे माणसाचे काम नव्हे. आईला फक्त कासव पाहायचे होते, कारण ते बसल्या जागेवरून निवांत दिसते. भुंगीने साळिंदर पहिले आणि साळिंदरच शेवटचे असा हट्ट धरला. काका छापखान्याला जाताना चष्म्याच्या दुकानापुढे थांबे, येताना थांबे, आणि दर खेपेला एकेक वाक्य घेऊन जाई, दुसरे घेऊन येई. 'तिला काय झोपाच काढायच्या असतात' याचे 'तुमची विश्रांती व्हावी असं दादाला वाटतं' झाले. 'सात वाजता काय वाघाला दात घासायला लावणार आहेत का?' याचे 'दादाचा विचार योग्यच आहे, फक्त थोडं उशिरा' असे झाले.

दुसरा आराखडा झाला. तिसरा झाला. तिसऱ्यावर त्याने, सवयीने, प्रत्येक कलमासमोर ते कोणाच्या इच्छेने ठरले तेही नोंदवले. 'निघण्याची वेळ: साडेनऊ, वहिनींच्या सूचनेवरून.' 'सर्वांनी एकत्र जाणे: दादाच्या आग्रहावरून.' ते वाचून दादा नवा सदरा विकत घेऊन आला. त्याची घडी त्याने कोणी पाहत नाही असे बघून दोनदा उलगडली आणि दोनदा मिटली, ते काकाने दाराच्या फटीतून पाहिले. त्या रात्री पहिल्यांदाच त्याच्या ध्यानात आले, की फाटकापाशी ही दोघे समोरासमोर उभी राहतील, एकमेकांशी बोलतील आणि पहिल्याच वाक्याला एकमेकांना ओळखणार नाहीत.

ठरल्या दिवसाला एक आठवडा उरला होता. त्या रविवारी संध्याकाळी भुंगीने तो आराखडा दप्तरात घातला आणि आईला वाचून दाखवायला नेला. काका दारातूनच परत फिरला.

सोमवारी दुपारी छापखान्यात त्याला फोन आला. वहिनींचा. त्या फोन कधी करत नसत.

"भाऊजी, जेवणाच्या सुट्टीत दुकानात या. मालक बाहेर गेलेत."

दुकानात कोणी नव्हते. काचेच्या कपाटांमध्ये शेकडो चष्मे बिनडोळ्यांचे टक लावून बसले होते. वहिनींनी त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेले, उंच खुर्चीवर बसवले आणि त्याच्या नाकावर तपासणीची जड गोल चौकट चढवली.

"माझे डोळे ठीक आहेत, वहिनी."

"ते मी ठरवेन. डावा झाका. समोरची खालची ओळ वाचा."

त्याने वाचली. त्यांनी चौकटीत एक भिंग सरकवले. अक्षरे पसरली.

"काल भुंगीनं मला तुमचा कागद वाचून दाखवला. 'दादाच्या आग्रहावरून.' मी विचारलं, बाबांनी आग्रह केला होय गं? तर ती म्हणते, छे, बाबा म्हणाले, यायचं तर येऊ दे, मी काय फाटकावर आडवा पडणार आहे?" खट् करून दुसरे भिंग आले. "हे बरं की आधीचं?"

"आधीचं... नाही, हे."

"कोणतं ते नीट सांगा. पोर खोटं बोलते का?"

"नाही."

"मग तुम्ही बोलता."

"वहिनी, मी खोटं... मी फक्त जरा सरळ केलं."

"काय काय सरळ केलंत?" खट्. "मला ताप आला होता तेव्हा त्यांनी औषध घेतलं का असं विचारलं, म्हणालात. खरंच विचारलं होतं का?"

काकाने आठवून पाहिले. दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हे आठवत होते. त्याच्या हातात पाना होता. त्याचे ओठ हलले होते. पण त्या ओठांतून जे वाक्य येत होते ते काकाच्या स्वतःच्या आवाजात होते.

"काहीतरी विचारलं होतं," तो म्हणाला.

"काहीतरी!" वहिनी हसल्या, पण त्या हसण्यात पाणी होते. मग त्यांनी भिंगांची पेटी बाजूला ठेवली. आवाज अगदी खाली आणून, जणू भिंतीला ऐकू जाऊ नये म्हणून, त्या म्हणाल्या, "ते सगळं जाऊ द्या. एकच सांगा. पहिल्या महिन्यात तुम्ही येऊन म्हणाला होतात, दादा म्हणतो घर रिकामं वाटतं. ते त्यांचं होतं का तुमचं?"

काकाच्या डोळ्यांवर तीन भिंगे एकावर एक चढलेली होती. समोर वहिनींच्या जागी एक फिकट, कडा विरघळलेला आकार तेवढा होता. त्याने मनाच्या पोत्यात हात घातला, आणखी खोल घातला. एका बाजूला दादा रिकाम्या खोलीत उभा राहून ते बोलताना दिसला. दुसऱ्या बाजूला, दोन घरांमधल्या पुलावरून एकटाच चालत जाताना, त्या घरात आता गुणगुण ऐकू येत नाही म्हणून स्वतःशीच ते वाक्य जुळवल्याचे आठवले. दोन्ही सारखेच खरे होते.

"मला आठवत नाही," तो म्हणाला. "खरंच आठवत नाही, वहिनी. शपथ घ्यायला सांगितलीत तरी कोणती घेऊ ते कळणार नाही मला."

बाहेर कोणीतरी दुकानाचे दार उघडून पुन्हा लावले. वहिनींनी त्याच्या नाकावरची चौकट काढली. ती जिथे टेकली होती तिथे दोन लाल खळगे पडले होते.

"आठ महिने मी त्या एका वाक्यावर काढलेत, भाऊजी. रोज ठरवायची, आता वकिलाकडे जाऊन सगळं मोकळं करून टाकावं. आणि रोज म्हणायची, असं म्हणणारा माणूस अगदीच वाया गेलेला नसणार. आता मला कळेना, मी कुणासाठी थांबले." त्यांनी चष्म्याचे फडके उचलून स्वतःचेच डोळे पुसले. "रविवारी मी येणार नाही. तसं सांगा त्यांना. आणि हे तरी जसंच्या तसं सांगा. जिथं मला माझ्या नवऱ्याचं एक वाक्य खात्रीनं माहीत नाही, तिथं मी साळिंदर काय बघणार?"

काका रस्त्यावर आला. डोळे ठीक असूनही त्याला पुढचे नीट दिसत नव्हते. छापखान्याकडे वळायचे ते पाय दुसरीकडेच वळले. दादाचे काम त्या आठवड्यात एका जुन्या सात मजली इमारतीत चालू होते. तळघरात दादाचा जोडीदार यंत्राच्या फळीशी झटापट करत होता. "तिसऱ्यावर जा," तो म्हणाला, "तुझा भाऊ डब्याच्या टपावर चढून बसलाय. डबा मधेच धरून ठेवलाय मी, घाबरू नको."

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचे दार उघडे होते आणि दारात, जमिनीच्या पातळीला, दादाची छाती, खांदे आणि डोके तेवढे दिसत होते. बाकीचा दादा खाली, लिफ्टच्या डब्याच्या टपावर, अंधारात उभा होता. हातांना कोपरापर्यंत वंगण लागले होते.

"कोण, वेलांटी? या वेळी? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे." काका गुडघ्यांवर बसला, म्हणजे दोघांचे चेहरे समोरासमोर आले. लहानपणापासून दादाकडे त्याने नेहमी वर मान करून पाहिले होते. आज ते एका उंचीवर आले आणि त्याचे धैर्य अर्धे झाले. "दादा, वहिनी रविवारी येणार नाहीत."

"का? सोय बदलली तिची? मी बदलीन की दिवस. तिनं माझ्या सोयीनं म्हटलं होतं, आता मी तिच्या..."

"त्यांनी नव्हतं म्हटलं तसं."

दादाने पाना टपावर ठेवला. खाली कुठेतरी तो आवाज घुमला.

मग काकाने सगळे सांगितले. स्वेटरपासून. जे आठवत होते ते, आणि जे आठवत नव्हते तेही, म्हणजे ते आठवत नाही हे. दादाच्या कपाळावरून घामाचा एक थेंब खाली आला, तो पुसायला त्याने हात उचलला आणि काळा हात पाहून पुन्हा खाली घेतला.

"म्हणजे ती आभार वगैरे मानत नव्हती?"

"कधी मानत होत्या. कधी मी."

"आणि 'दादाचा विचार योग्यच आहे'?"

"तो मीच."

"मलाही वाटलं होतं, हे जरा जास्तच होतंय." दादा हसला की काय ते काकाला कळले नाही, त्याचा चेहरा हसण्याच्या तयारीत येऊन मधेच कुठेतरी अडकला होता. "अरे गाढवा, मी नवा सदरा आणला! मग आठ महिने मी बोलत कुणाशी होतो? तुझ्याशीच संसार केला म्हण की!"

"दादा..."

"मला वाटायचं, लांब गेल्यावर ती मला समजून घ्यायला लागलीय. म्हटलं, चला, लांबूनच बरं." त्याने पाना उचलून पुन्हा ठेवला. "आणि मी जे बोललो, ते तिच्यापर्यंत गेलंच नाही."

"जायला नको होतं, दादा. तू फार वाईट बोलतोस."

"बोलतो. पण बोलतो मी." दादाने मान वळवून काळोख्या भिंतीकडे पाहिले. "फोन लाव तिला."

"मी?"

"माझे हात बघ. लाव, आणि धर माझ्या कानाला."

काका पोटावर पालथा झाला, हात लांब करून त्याने फोन दादाच्या कानाशी धरला. घंटा वाजत राहिली. मग तो उचलला गेला; दुपारच्या त्या शांततेत पलीकडचा श्वासही त्याला ऐकू येत होता.

"बोला भाऊजी. सांगितलंत?"

"मी आहे," दादा म्हणाला.

तिकडे एक चष्मा काचेवर ठेवल्याचा आवाज आला.

दादाने काकाकडे पाहिले. ती नजर काका ओळखत होता. शाळेचा अर्ज लिहिताना, आईच्या आजारपणात डॉक्टरांपुढे उभे राहताना, दादा असाच त्याच्याकडे पाही: शब्द दे. काकाच्या जिभेवर तीन वाक्ये तयार होऊन आली होती, तिन्ही निर्दोष. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले आणि फरशीकडे पाहिले.

"तो आग्रह," दादा म्हणाला, "मी केला नव्हता."

"माहीत आहे."

"येऊ नको असंही नव्हतं म्हटलं."

"तेही माहीत आहे. एवढ्यासाठी फोन केलात?"

काकाला वाटले, संपले आता. दादाचा जबडा हलत होता, जणू गंजलेला नट तो दातांनी फिरवू पाहत होता.

"तुझ्या वडिलांच्या वेळी," तो म्हणाला, "दारात जे बोललो ते वेलांटीनं घातलेलं नव्हतं. ते माझं होतं. मीच बोललो ते. मला भीती वाटत होती आत यायची. एवढंच."

काकाने फोन दोन्ही हातांनी धरला. पलीकडे कोणी नाक ओढले. मग वहिनींचा आवाज आला, अगदी बारीक.

"घर रिकामं वाटतं, असं तुम्ही म्हणाला होतात का?"

"केव्हा?"

"पहिल्या महिन्यात. आठवून सांगा."

दादाने डोळे मिटले. तो खरोखरच आठवत होता. काकाने प्रार्थना करावी तसे मनात म्हटले, हो म्हण. नुसते हो म्हण, दोन अक्षरांचेही काम नाही.

"नाही आठवत," दादा म्हणाला. "मी असलं बोलणारा नाही. त्यानंच म्हटलं असेल." आणि मग, वंगणाचा वास येणाऱ्या त्या काळोखात डोळे तसेच मिटून, "पण वाटतं. रिकामंच वाटतं. म्हटलं कुणीही असेना."

तळघरातून जोडीदाराने हाक मारली, "अरे, झालं का? पाचव्यावरचे लोक शिव्या घालतायत!" फोन बंद झाला की काय म्हणून काकाने तो किंचित मागे घेऊन पाहिला.

"साडेनऊला फाटकापाशी," वहिनी म्हणाल्या. "मी आणि भुंगी परस्पर येऊ. तुम्ही उशीर केलात तर आम्ही आत गेलेलो असू. थांबणार नाही."

"बरं."

"आणि भाऊजींना म्हणावं..." त्या थांबल्या. "नको. राहू दे. त्यांना काय म्हणायचं ते मीच म्हणेन."

फोन बंद झाला. काका तसाच पालथा पडून राहिला. फरशीचा गारवा त्याच्या छातीत शिरत होता. वहिनी येणार होत्या. त्याला हायसे वाटायला हवे होते, आणि वाटतही होते. पण त्या हायसे वाटण्याखाली आणखी काही होते, ज्याला त्याला नाव देता येईना. इतके दिवस दोन घरांमधल्या त्या पुलावरून एक घर त्याच्याबरोबर चालत असे. त्यात कोणी कोणाला दुखवत नसे. ते घर दादाचे नव्हते, वहिनींचेही नव्हते. आता त्या पुलावरून तो एकटा भुंगीला आणायला जाईल. की भुंगीला आणण्याचीही गरज उरणार नाही? मग रविवारी सकाळी तो काय करेल? आणि हे वाटणे दुःखाचे की निव्वळ हावरटपणाचे? त्याला काहीच उमगेना.

"काय झालं रे?" दादा म्हणाला. त्याचा आवाज एकाएकी हलका झाला होता, खांद्यावरचे ओझे कोणी उतरवून घेतल्यासारखा. "चुकलं का काही माझं? तू तोंड असं का केलंयस?"

"नाही," काका म्हणाला. "काही नाही चुकलं."

"मग डोकं मागे घे. डबा खाली न्यायचाय."

काकाने डोके मागे घेतले. दादाने खाली हाक दिली, तार कुरकुरली, आणि त्याचे डोके, खांदे, काळे हात हळूहळू जमिनीखाली गेले. उघड्या दारात नुसत्या हलणाऱ्या तारा राहिल्या. काका उठला, त्याने सदऱ्यावरची धूळ झटकली.

खोल खालून दादाचा आवाज वर आला, "वेलांटी, थांबतोस का तिथंच? डबा तुझ्यासाठी वर पाठवू, का जिन्यानं येतोस?"

प्रश्न अगदी साधा होता. काका तारांकडे पाहत, मग जिन्याकडे पाहत उभा राहिला. आणि खालून दुसऱ्यांदा हाक आली तरी, यातले आपल्याला खरोखर काय हवे आहे, हे त्याला सांगता येईना.